काळा पडदा आणि एकाच नावाची दोन कार्डं

जुनं ग्राफिक्स कार्ड फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवायला घेतलं की खरी पंचाईत अशी की काय चुकलं ते पडद्यावर लिहून येणार, आणि चुकलेलं असतं ते पडद्याचंच. हरवलेला चष्मा शोधायला चष्मा लागतो, तसला हा प्रकार. म्हणून ड्रायव्हरचं नाव काढण्याआधी मी पळवाट सांगतो. एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारी सेवा) चालू करा आणि दुसऱ्या मशीनवरून लॉगिन होतंय ना, ते आत्ताच बघून घ्या. पडदा गेला तरी मशीन बहुतेक वेळा जिवंत असतं. आत बसून ते इमानेइतबारे लॉग लिहीत असतं, फक्त आपल्याला दाखवू शकत नाही.

मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डाच्या खोबणीत, तेही बघा. हसू नका. बघा.

आता कार्डाची ओळख. खोक्यावर छापलेलं नाव ही माहिती नव्हे, अफवा आहे. जीफोर्स जीटी ७३० घ्या. २०१४ साली आलेल्या या एकाच नावाखाली दोन वेगळ्या घराण्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी, म्हणजे जीएफ१०८, ९६ कोरची. दुसरी केप्लर, म्हणजे जीके२०८, ३८४ कोरची. फर्मीला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, केप्लरला ४७०चा. चुकीचा टाकलात तर मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, सिस्टीमच्या गाभ्यात, चढणारा भाग) गुपचूप चढतं, केएलडीस्टॅट या आज्ञेने दिसणाऱ्या चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत ऐटीत बसतं आणि कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही. मग एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम) सांगतं, स्क्रीनच सापडली नाही. मॉनिटर समोर ढिम्म उभा असतो, तरी.

तेव्हा खोकं बाजूला ठेवा आणि 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' ही जोडलेल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा चालवा. व्हीजीएपीसीआय० अशी ओळ येईल. तिच्यात १०डीई हा आकडा दिसला की कार्ड एनव्हिडियाचं, १००२ दिसला की एएमडीचं. खालच्या ओळीत चिपचं खरं नाव असतं. जीफोर्स ८, ९, २०० या पिढ्यांची कार्डं असतील तर ३४० मालिका. एएमडीवाल्यांचं दुखणं निराळं: एचडी ७०००च्या आधीच्या कार्डांना रेडिऑनकेएमएस हा ड्रायव्हर, पुढच्यांना एएमडीजीपीयू, आणि सोबत फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरायचा प्रोग्रॅम. त्यांचं त्यांनी बघावं, इथं एका दुखण्यालाच जागा पुरत नाहीये.

ड्रायव्हर शोधायला निघालात की निम्मे सल्ले लिनक्सचे मिळतील. नूव्हो (लिनक्समधला एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट करा, इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना लागणारी फाइल) नव्याने बनवा, वगैरे. फ्रीबीएसडीवर नूव्हो नाहीच. नसलेल्या भाडेकरूला घर खाली करायची नोटीस देण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

पॅकेज बसवलं की सगळ्यांचे हात आरसी.कॉन्फकडे, म्हणजे मशीन सुरू होताना काय चालू करायचं ते लिहिलेल्या फाइलीकडे, शिवशिवतात. थांबा. आधी केएलडीलोड या आज्ञेने मॉड्यूल हाताने चढवा. ३९० आणि ४७०ला 'एनव्हिडिया-मोडसेट', ३४०ला नुसतं 'एनव्हिडिया'. पडदा काळा झाला तर रीबूट केलं की सगळं जिथल्या तिथं, कारण कुठे काही लिहूनच ठेवलेलं नाही. चाललं, तरच सिसआरसी या आज्ञेने आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्ट या मॉड्यूलांच्या यादीत भर घाला, आणि तीही अधिक-बरोबर (+=) हे चिन्ह वापरून. नुसतं बरोबर लिहिलंत तर यादीतली आधीची मॉड्यूलं पुसली जातात. मग ग्राफिक्स मिळतं आणि वायफाय जातं.

लोडर.कॉन्फ या कर्नलच्याही आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत मात्र हे मॉड्यूल टाकू नका. तिथलं मॉड्यूल कर्नलबरोबरच चढतं, सिंगल यूझर मोडमध्ये (दुरुस्तीसाठी कमीत कमी गोष्टींसह मशीन सुरू करण्याच्या पद्धतीत) सुद्धा. आरसी.कॉन्फमधलं सिंगल यूझरला चढत नाही, आणि नेमका तोच आपला मागचा दरवाजा. त्या दारातून आत गेल्यावर डिस्कची फाइल सिस्टीम यूएफएस असेल तर डिस्क लिहिण्याजोगी करायला 'माउंट -यू /' आणि 'माउंट -ए' करायचं, मग फाइल दुरुस्त करायची. आधीच्या माउंटशिवाय फाइल उघडते, वाचता येते, सेव्ह तेवढी होत नाही.

एक्सऑर्गच्या फाइलीत बसआयडी (कार्डाचा मशीनमधला पत्ता) लिहायची वेळ आली तर पीसीआयकॉन्फचे चारही आकडे उतरवू नका. पहिला डोमेनचा, तो सोडा. पीसीआय०:१:०:० असेल तर लिहायचं पीसीआय:१:०:०. हे आकडे दशमान असतात आणि एक्सऑर्गलाही दशमानच हवे असतात, हा एक दिलासा. एलएसपीसीआय या दुसऱ्या आज्ञेवरून घेतलेत तर ते षोडशमान निघतात आणि १० नंबरची बस तिथं '०ए' या नावाने वावरते.

एवढं करून चाललं की आपण सुखावतो आणि सिस्टीम अपग्रेड करतो. १३ची १४ होते. पॅकेज मात्र अजून जुन्या कर्नलवर बांधलेलं, त्यामुळे मॉड्यूल 'व्हर्जन मिसमॅच' म्हणून अंग काढून घेतं. खात्रीचा इलाज: /यूएसआर/एसआरसीमध्ये चालू कर्नलचाच सोर्स ठेवायचा आणि ड्रायव्हर पोर्टमधून, म्हणजे सोर्सवरून बांधायच्या प्रोग्रॅमांच्या संग्रहातून, स्वतः बांधायचा. सोर्स मागच्या आवृत्तीचा राहिला असेल तर बांधणी बिनबोभाट पार पडते आणि चढवताना घोडं पुन्हा तिथंच अडतं.

तोवर काम अडलंच असेल, तर युईएफआयने (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीने) सुरू होणाऱ्या मशीनवर एससीएफबी हा साधा कामचलाऊ ड्रायव्हर आहे. रिझोल्यूशन बदलत नाही, वेग नाही, पण अक्षरं दिसतात. या टप्प्यावर अक्षरं दिसणं ही चैन असते.

शेवटी जीएलएक्सगिअर्स हा चाचणीचा छोटा प्रोग्रॅम चालवून बघायचा मोह होतो. लाल, हिरवं, निळं अशी तीन चाकं फिरू लागतात आणि ऊर भरून येतो. तेवढ्यात जीएलएक्सइन्फोमध्ये रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतंय त्याची, ओळ बघून घ्या. तिथं जीफोर्स असेल तर ठीक. एलएलव्हीएमपाइप असेल, तर चाकं फिरवतोय प्रोसेसर आणि कार्ड स्वस्थ झोपलंय. मग पुन्हा पीसीआयकॉन्फ -एलव्ही.