त्या लांबलचक कॅडिलॅक आणि एक बिनबुडाचा फॉरवर्ड

परवा साताऱ्याहून आत्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचा प्रश्न : ‘‘तू ओहायोत बघायला जातोस त्या गाड्या ह्याच का रे? असलं कशाला बघायचं?’’

फॉरवर्डमध्ये १९५९ च्या एका कॅडिलॅक या अमेरिकी मोटारीवर बांधलेल्या रुग्णवाहिकेचा फोटो आणि सोबत चार दावे. अमेरिकेत अंत्यविधीवालेच रुग्णवाहिका चालवायचे आणि धंदा मिळावा म्हणून पेशंटला वाटेतच मरू द्यायचे. हे उघड झाल्यावर सरकारने या गाड्यांवर बंदी आणली. १९६३ मध्ये डॅलस शहरात हत्या झालेले अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मृतदेह नेणारी रुग्णवाहिका लिलावात विकली गेली. आणि आज या गाड्या जपणारे लोक भुताखेतांच्या नादी लागलेले आहेत. आमच्या ग्रुपवर हा मजकूर तिघांनी टाकला, एकानेही दोन मिनिटं शोधून पाहिलं नाही.

पहिल्या दाव्यातला अर्धा भाग खरा आहे, तो मान्य करतो. अंत्यविधीवाले रुग्णवाहिका चालवत, आणि अनेकदा गाडी एकच असे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा १२,००० अंत्यविधी व्यावसायिकांकडे आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कारणही दिलंय : स्ट्रेचरवर माणूस आडवा नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडे होती. बस, एवढंच. छोट्या गावात रात्री दोनला कुणी कोसळलं, तर मागून उघडणारी लांब गाडी आणि फोन उचलणारा माणूस, दोन्ही तिथेच मिळायचं.

हा अहवाल काही मवाळ नाही. प्रशिक्षण नाही, साधनं नाहीत, गाड्यांची रचना सोयीची नाही, असं तो एकेक करून सांगतो. पण माणसं मुद्दाम मारली जातात, असं तो कुठेही म्हणत नाही. वाटेत उपचार होत नसत, कारण ते कसे करायचे हे जवळपास कुणालाच शिकवलेलं नव्हतं. पिट्सबर्ग शहरात तर पेशंटला पोलिसांची गाडी न्यायची. तिथे १९६८ मध्ये डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली ‘फ्रीडम हाउस’ या रुग्णवाहिका सेवेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी रस्त्यावरच उपचार द्यायला सुरुवात केली, तेव्हा फरक पडला तो शिक्षणामुळे.

धंद्याचं म्हणाल, तर ही सेवा बहुतेकांना तोट्यात जायची. पुढे कधी वेळ आली तर कुटुंबाला आपलं नाव आठवावं, हा हिशेब त्यामागे होता, तेही मान्य. पण वेतनाचे आणि प्रशिक्षणाचे नियम कडक होऊ लागले, तसे हे लोक आपणहून ही सेवा सोडत गेले. माणसं मारून नफा होत असता, तर कुणी सोडली असती का? रात्री-अपरात्री शेजाऱ्याच्या दारात गाडी नेणाऱ्यांना खुनी ठरवताना लिहिणाऱ्याला जराही लाज वाटली नाही, याचा मला मनापासून राग आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक दुहेरी वापराची गाडी मी जवळून पाहिली. मालक ऐंशीच्या घरातले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि वाकून गाडीच्या तळातल्या पट्ट्या एकेक उलटवून दाखवल्या. एका बाजूला शवपेटी सरकवायचे रोलर, दुसऱ्या बाजूला सपाट फरशी. छतावरचा लाल दिवा काढून ठेवला की तीच गाडी वैकुंठरथ. सांगाडा कॅडिलॅकने खास याच कामासाठी दिलेला, १५६ इंच व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेवढं. साध्या सेडानचा १३० इंच असायचा. वरची बॉडी मिलर-मीटिअर, सुपीरिअर अशा ओहायोतल्या कारखान्यांत बांधली जाई.

बंदी वगैरे काही आली नाही. १९७४ मध्ये केंद्र सरकारने रुग्णवाहिकांसाठी मानकं ठरवली, ती व्हॅन आणि ट्रकवर बांधलेल्या उंच गाड्यांना धरून होती. १९७७ ला कॅडिलॅकने मोटारीच लहान केल्या. दशक संपेपर्यंत मोटारीवर बांधलेली रुग्णवाहिका संपली. शववाहिका आजही बनतात.

केनेडींच्या गाडीची गोष्ट तर उलटीच आहे. जानेवारी २०११ मध्ये स्कॉट्सडेलच्या लिलावात ‘तीच रुग्णवाहिका’ म्हणून एक पाँटिॲक मोटार १,२०,००० डॉलरला गेली, हे खरं. पण नौदलाची मूळ रुग्णवाहिका १९८६ मध्येच दाबून भंगारात काढली होती, असं केनेडी ग्रंथालयाने सांगितलं. लिलावातल्या गाडीबद्दल जाहीर शंका घेणाऱ्यांत याच जुन्या गाड्यांचे अभ्यासक होते. ज्यांना फॉरवर्ड वेडे ठरवतो, तेच! डॅलसच्या रुग्णालयातून विमानतळापर्यंत मृतदेह नेणारी पांढरी कॅडिलॅक शववाहिका वेगळी, ती २०१२ मध्ये विकली गेली.

भुतांबद्दल काय लिहू? या छंदाची संस्था, प्रोफेशनल कार सोसायटी, १९७६ पासून आहे. मला तिथे भेटलेले लोक कार्ब्युरेटर आणि क्रोमच्या पट्ट्यांवर तासन्‌तास बोलतात.

आत्या, आजोबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा दूध डेअरीच्या जीपमधून साताऱ्याला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं तेही त्याच जीपमधून, मागच्या फळीवर तीच सतरंजी टाकून. ड्रायव्हरकाकांनी डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तेराव्याला तू स्वतः त्यांना आग्रह करून पंगतीत बसवलं होतंस.