डायफ्राम घेतला म्हणजे झालं?

हिवाळा तोंडावर आला की इंग्लंडातल्या आमच्या मराठी डायव्हरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: "थंड पाण्यासाठी डायफ्रामचाच रेग्युलेटर घ्या, पिस्टन गोठतो. टायटॅनियमचा परवडला तर सोन्याहून पिवळं. ऑक्टोपस कुठलाही चालेल. उतरण्याआधी काठावर पर्ज दाबून, चार-पाच श्वास घेऊन खात्री करा."

(रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून तोंडात देणारं यंत्र. डायफ्राम आणि पिस्टन हे त्याच्या आतल्या यंत्रणेचे दोन प्रकार. ऑक्टोपस म्हणजे जोडीदाराला द्यायचा जादा माउथपीस, आणि पर्ज म्हणजे हवा सोडायचं बटण.) चारही वाक्यं लंगडी. शेवटचं तर धोक्याचं, म्हणून आधी तेच घेतो.

टाकीतली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागात, एका झटक्यात ९-१० बारवर येते. दाब असा उतरला की हवा शून्याच्या बरीच खाली गारठते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो ना, तेच. पाण्याखाली निदान ५ अंशांचं पाणी त्या धातूला ऊब देत असतं; काठावरच्या उणे २ च्या वाऱ्यात तीही नाही. त्यात आपण सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या भागात, दमट श्वास सोडतो. तो लिव्हरपाशी गोठतो, व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा धो धो सुटते, आणि सुटेल तितकी आणखी गारठते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात, लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत मी हीच 'खात्री' करून उतरलो. सहा मीटरवर तोंडात बुडबुड्यांचा भडका उडाला आणि टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा डोळ्यांदेखत घसरू लागला. जोडीदाराने त्याचा ऑक्टोपस दिला, माझी टाकी बंद केली. वर आलो तेव्हा फर्स्ट स्टेजवर फ्रीजरमध्ये साचतो तसा पांढरा थर होता. तेव्हापासून रेग्युलेटर घरीच तपासतो. काठावर तपासावाच लागला, तर श्वास फक्त आत ओढतो आणि सोडताना रेग्युलेटर तोंडातून काढतो. पर्ज दाबत नाही.

आता डायफ्राम. फर्स्ट स्टेजमध्ये गोठतं ते आतल्या स्प्रिंगभोवतीचं पाणी, आणि सील नसलेल्या डायफ्रामच्या स्प्रिंगभोवतीही पाणी असतंच. तेव्हा विचारायचं ते पाणी स्प्रिंगपर्यंत येऊ न देणाऱ्या सीलबद्दल. अंटार्क्टिकात मॅकमर्डो या अमेरिकी तळाजवळ उणे १.८ अंशांच्या समुद्रात तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शेरवूड मॅक्सिमस हा रेग्युलेटर वापरत असत, आणि तो पिस्टनचा आहे! त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात कोरडी हवा थोडी थोडी झिरपत राहते, पाणी आत येतच नाही.

खरेदी करताना शिक्का बघा. युरोपच्या ईएन २५० मानकात थंड पाणी म्हणजे १० अंशांच्या खालचं. त्याची चाचणी ४ अंशांच्या पाण्यात, ५० मीटरच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाने होते. ती पार न केलेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांहून अधिक' असं कोरलेलं असतं. तारकर्लीला तो झकास चालेल, इथे नाही.

टायटॅनियम हलकं, गंजत नाही, सगळं कबूल. पण पितळेच्या तुलनेत त्यातून उष्णता फार कमी वाहते, म्हणजे बाहेरच्या पाण्याची ऊब आत पोचायला उशीर. जास्त पैसे मोजून हे कशाला?

राहिला ऑक्टोपस. जोडीदार त्यावर येतो तेव्हा एकाच फर्स्ट स्टेजमधून दोघं घाबरून भराभर श्वास ओढत असतात, म्हणजे गोठायला याहून चांगला मुहूर्त नाही. अशा वापरासाठी तपासलेल्या संचावर २५० पुढे 'ए' असतो. मी आता टाकीला दोन तोंडांचा व्हॉल्व्ह घेतलाय आणि ऑक्टोपस वेगळ्या फर्स्ट स्टेजवर लावलाय. एक गोठला, तर तेवढा बंद करता येतो.