कमरेला झेपेल अशी करवत

पावसाळ्यात आमच्या दापोली तालुक्यात वीज असते, पण स्वतःच्या सवडीनं. म्हणून गीझर भिंतीवर आणि आंघोळीचं पाणी न्हाणीच्या चुलीवर, अशी वाटणी झालेली आहे. चुलीला फाटी लागतात आणि ती आगोटीपूर्वी कापून, खोपीत रचून, झाकून ठेवावी लागतात. ओल्या फाट्यांनी पाणी तापत नाही, फक्त घरातली माणसं तापतात.

पूर्वी हे काम कुऱ्हाडीवर भागायचं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं बागा आडव्या केल्या, रस्ते झाडांखाली गेले, आणि ज्याच्याकडे पेट्रोलवरची साखळीकरवत आहे तो सरपंचापेक्षा मोठा, हे गावाला कळलं. तेव्हापासून ‘कटर’ हे इकडच्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचं स्वप्न आहे. माझंही. परसात वठलेला काजू आणि आकेशियाचे सोट पडले होते. (आंबा, फणस, ऐन, किंजळ तोडायला सरकारी परवानगी लागते, त्यांच्या वाटेला मी जात नाही.) तेवढं जळण कापायला मध्यम आकाराची कटर घ्यायची, असं मी ओटीवर बोलून गेलो आणि सल्लागार जमले.

“घ्यायची तर बावीस इंची पात्याची घ्या, काका,” शेजारचे भाऊ म्हणाले. “अठ्ठावन्न सीसी. ऑनलाइन स्वस्तात मिळते.”

“अहो, माझा सगळ्यात जाडा सोट नऊ इंच आहे.”

“आज आहे. उद्या मोठा ओंडका आला तर?”

ओंडका आपल्या पायांनी माझ्या परसात कसा येणार, हे त्यांनी सांगितलं नाही. भाऊंच्या घरी चूल नाही. सोळा इंची पात्यानं दोन्ही अंगांनी कापलं तर अडीच फुटांच्या आसपासचं खोडही निघतं, हेही त्यांना पटलं नाही. आकड्याच्या मोठेपणाला हिशेबानं उत्तर देता येत नाही.

मुंबईच्या भाच्यानं फोनवरून इतिहास काढला. दात असलेल्या साखळीची करवत अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी काढली, अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला. ते ऐकून आमची ही म्हणाली, “सोसलं बायकांनी आणि दुकानात मिरवताय तुम्ही.” मी घाईनं विषय कटर बनवणाऱ्या स्वीडनच्या हुस्कवर्नाकडे नेला. ती कंपनी १६८९ साली बंदुका बनवायला सुरू झाली. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला १६८९ म्हटलं की संगमेश्वर आठवतं. त्या आकड्याची जाहिरात इथे चालायची नाही. मला आवडला तो अमेरिकेतला जोसेफ कॉक्स. १९४६ साली त्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीउजवीकडे कुरतडत जाते हे बघून त्यानं साखळीचे दात तसे बसवले. आमच्याकडे भिरूड पिढ्यान्पिढ्या आंबे पोखरतो आहे. आम्ही त्याच्या भोकात औषध ओतलं. पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी खेडच्या एका दुकानात गेलो.

“किती सीसीची दाखवू?”

माझी स्कूटर एकशेदहा सीसीची आहे, तेव्हा पन्नास म्हणजे काहीच नाही, असं वाटून मी तोंड उघडणार तोच त्यानं एक कटर हातात दिली. अर्धी स्कूटर आपण चाकांशिवाय धरली आहे, हे माझ्या खांद्यांना लगेच कळलं. पत्रकावर वजन पाच किलो होतं. त्यात पातं, साखळी, पेट्रोल आणि तेल धरलेलं नसतं, हे दुकानदारानं मी ती खाली ठेवल्यावर सांगितलं. त्यानं दोरी एकदा ओढली, मशीन सुरू. मी ओढली, तर फक्त खांदा सुरू झाला. “चोक, काका, चोक,” तो म्हणाला. दुकानातली इतर गिऱ्हाइकं आपापल्या पावत्या वाचू लागली.

“आता वाकून धरा बघू,” ही म्हणाली.

हा खरा प्रश्न होता. आतापर्यंत सगळ्यांनी झाडाची जाडी विचारली होती, माझ्या कमरेची चौकशी कुणी केली नव्हती. झाड पाडणारा माणूस बराचसा उभा असतो. जळण कापणारा सकाळभर ओणवा. मी ओणवा झालो. साठच्या वरची सीसी तिथेच बाद झाली. अठ्ठावन्नवाली जमिनीलगत गेली ती वर यायला तयार होईना. पंचेचाळीस सीसी, सोळा इंची, तेवढी घेऊन मी बिनआधाराचा उभा राहिलो. तीच घेतली.

मग पथ्यपाणी. एका लिटर पेट्रोलला टू-टी ऑइल वीस मिली, म्हणजे पन्नासास एक. (घरी ते मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं.) साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. पात्याच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत उसळून थेट तोंडावर येते, म्हणून हेल्मेट, चष्मा, बूट. गावचा कटरवाला बनियन आणि स्लिपरवर काम करतो आणि पेट्रोल भरताना विडी मात्र कानावर ठेवतो. त्याच्या मते एवढी काळजी पुष्कळ झाली. मी हेल्मेट घालून परसात उतरलो तेव्हा शेजारची पोरं कुंपणावर चढून बसली होती.

काम मात्र झोकात झालं. आकेशिया लोण्यासारखा कापला गेला. फूटफूट लांबीचे तुकडे रचून मी कंबर दाबत ओटीवर टेकलो. ही बाहेर आली, ढिगाकडे बघितलं, एक नऊ इंची तुकडा उचलून चुलीच्या तोंडाशी धरून आली.

“अहो, हे आत जाणार कसे? फोडणार कोण?”

करवत लाकूड आडवं कापते, उभं फोडत नाही, हे कुठल्याच सल्लागारानं काढलं नव्हतं. कुऱ्हाड कोपऱ्यात होती, पण कंबर उरली नव्हती. मी दुकानदाराला फोन लावला.

“फोडायचं मशीन आहे की, काका!” तो उत्साहानं म्हणाला. “किती टनाचं दाखवू?”

फोन स्पीकरवर होता. कुंपणापलीकडून भाऊ ओरडले, “घ्यायचं तर मोठं घ्या!”