लाईन गेली नं जी!

मुंबईत नवी ओळख झाली की दुसऱ्या वाक्यात ‘कुठली लाईन?’ हा प्रश्न येतोच. डोंबिवली म्हटलं की वेस्टर्नवाला असा चेहरा करतो, जणू आमच्या घरात कुणी आजारी आहे. (हार्बरवाल्याची तर तेवढीही विचारपूस होत नाही.) त्यात या वेस्टर्नवाल्यांच्या मरीन लाईन्स स्टेशनातल्या लाईन्सचा रुळांशी काही संबंध नाही. तिथे इंग्रजांच्या मरीन बटालियनच्या लाईन्स होत्या, त्यावरून ते नाव. पोलीस लाईन, नागपूरची सिव्हिल लाईन्स ही त्याच कुळातली भावंडं. हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. मग बडनेऱ्याहून बायकोचे मामाजी आले.

मामाजी रेल्वेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी रुळांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘लाईनवर’. शिवाय वऱ्हाडात वीज जात नाही, लाईन जाते. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला, “जावईबापू, लाईन गेली नं जी!” मी तातडीने निघालो. ठाकुर्लीला काही झालं असेल, दिव्याला गाड्या अडकल्या असतील, असं मनाशी म्हणत स्टेशन गाठलं, तर गाड्या चक्क वेळेवर. घरी पोचलो, तर मामाजी अंधारात पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले.

रात्री जेवताना पुतण्याने बातमी फोडली, की समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी त्याच्या मित्राला लाईन देते. मामाजींचा घास हातातच राहिला.

“मीटरवरून देते का आकडा टाकून?”

“घरी माहीत नाही अजून,” पुतण्या म्हणाला.

“मंग आकडाच हाय. सापडले तं दोघायलेही दंड बसते.”

पुतण्याला जोरदार ठसका लागला. त्यांनी आणलेली जवसाची चटणी तिखट होतीच, तिच्यावर निभावलं. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात. त्याच्या झाडाचा धागा तो लिनन, आणि त्या धाग्यावरूनच पुढे लाईन आली. म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ आमच्या ताटात वाढलेलं होतं.

नोव्हेंबर असल्यामुळे मामाजींना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. 2014 पासून हे काम ऑनलाईन होतं. ते करून देणाऱ्या दुकानासमोर सकाळपासून ही लांब लाईन! प्रत्येक आजोबा अंगठा आधी कपाळावर, मग धोतरावर नाहीतर पँटवर घासत उभे. मामाजींचा नंबर आला. आयुष्यभर घण आणि पहार धरून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसट झालेल्या. यंत्राने अंगठा नाकारला. तर्जनी नाकारली. शेवटी करंगळीवर यंत्र जरा विचारात पडलं, तेवढ्यात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, लाईन डाऊन आहे. थांबावं लागेल.”

मामाजींनी आधी वर पाहिलं. पंखा फिरत होता. म्हणजे ती लाईन नव्हे.

“डाऊन बंद हाय तं अप चालू असंल नं? अपवरून पाठवा.”

“काका, तसं नसतं हो.”

“काहून नसते? डाऊनवर ब्लॉक असला की आम्ही गाड्या अपवरूनच काढत होतो.”

पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे बघू लागलो. तेवढ्यात मागून एका आजोबांचा खणखणीत आवाज आला, “बरोबर बोलताहेत ते! सिंगल लाईन वर्किंग! आमच्याकडे पण असंच करायचे!”

हे रिटायर्ड गार्ड निघाले, कल्याणचे. पुढच्या मिनिटाला दोघेही शेजारच्या टपरीच्या बाकावर कटिंग घेऊन बसले होते आणि भुसावळ यार्डात शिरले होते. आणि जिवंत असल्याचा दाखला काढायच्या त्या लाईनीत, दोघांच्याही पिशव्या सांभाळत, मी उभा.