दहाची पुडी महाग पडते

परवा डंकावर नंबर लावून बसले होते. शेजारी हळद कुटायला आलेली, नुकतंच लग्न झालेली मुलगी. माझी पिशवी बघून म्हणाली, "काकू, पाच किलो मिरची? एवढी एकदम कशाला? लागेल तशी पुडी आणली की झालं की!" डंकाच्या आवाजात तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

दोन वर्षांमागं उद्यमनगरात ह्यांच्या कारखान्याला काम नव्हतं. उन्हाळ्यात हातात पैसा नाही, म्हणून वर्षाची चटणी, म्हणजे घरचं मसाल्याचं तिखट, केली नाही. वर्षभर पुड्या आणल्या. मी वही लिहिते. वर्षाअखेरीला बेरीज केली तर घरच्या चटणीच्या दीडपट पैसे गेले होते, आणि रश्श्याला ना रंग ना चव. ज्या वर्षी पैसा सगळ्यात कमी, त्याच वर्षी खर्च जास्त! तेल, साबण, चहापूड, सगळ्याचं हेच. थोडं थोडं घेणाऱ्यालाच जास्त मोजावं लागतं, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी भिशीला मानते. गल्लीतल्या आम्ही बारा जणी, महिन्याला हजार. चिठ्ठ्या टाकतो, पण मार्चचा नंबर मी आधीच मागून घेते. त्या 12 हजारांत लक्ष्मीपुरीतनं मिरची येते, संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. मग चार दिवस गच्चीवर ऊन, देठं खुडताना नखांत आग, उभा चिरून वाळवलेला कांदा, भाजलेलं खोबरं, धने, तीळ. उरलेले पैसे जूनच्या वह्या-पुस्तकांना.

आधी मी एका पतसंस्थेत पिग्मी भरायची, रोजचे पन्नास. ती अडचणीत आली आणि पैसे दीड वर्ष अडकले. तेव्हा कळलं, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत विमा असतो. 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे आम्हाला पिग्मी चालू करताना कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. आता पोस्टात आरडी आहे, महिना 100 रुपयांपासून उघडता येते. भिशीलाही विमा नाहीच, म्हणून ओळखीच्या बारा जणींपलीकडं ती वाढवू देत नाही.

आणि दुधात मी हात आखडता घेत नाही. पोरांच्या पेल्यात पाणी वाढवून साठवलेला पैसा मला नको.

चटणी काल परातीत पसरून निवू दिली, आज बरणीत भरली, मधेमधे हिंगाचे खडे. जूनपासून आमच्या भिशीत एक जागा रिकामी होतेय. ती मुलगी आमच्याच पेठेतली आहे. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला माझ्याकडं पाठवा.