नऊ महिने मोजायचे, पण कधीपासून?

काल रात्री भाचीचा फोन आला, रडत होती. सासरच्या ग्रुपवर कुणीतरी 'प्रसूतीची तारीख घरच्या घरी काढा' असा मेसेज टाकलाय. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून नऊ महिने मोजा. रेघ गडद असेल तर दिवस जास्त गेलेत. आणि सोनोग्राफीतले आठवडे नवरा-बायको एकत्र आल्यापासूनच्या आठवड्यांपेक्षा जास्त निघाले, तर 'काय ते समजून घ्या'.

शेवटचं आधी घेते, कारण रडणं त्याचंच आहे. तिचा नवरा जहाजावर असतो. घरी येऊन चार आठवडे झाले आणि रिपोर्टवर लिहिलंय सहा. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, तोच मेसेज ग्रुपवर पुन्हा टाकला फक्त. अहो, गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात! पाळीची तारीख बाईला सांगता येते, बीजांड नेमकं कधी सुटलं ते सहसा येत नाही, म्हणून ही पद्धत. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. पहिल्या दोन आठवड्यांत पोटात काहीच नसतं, तरी ते हिशेबात धरतात. रिपोर्टवरचे सहा म्हणजे गर्भ राहून चार. एवढी वजाबाकी न करता एखाद्या पोरीवर संशय घ्यायचा?

आता नऊ महिने. समजा पाळी १ जानेवारीला आली. त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवा, ८ ऑक्टोबर. हा नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने चालणारा जुना नियम, एकूण २८० दिवसांचा. मेसेजवाल्यांच्या हिशेबाने, टेस्ट ३० जानेवारीला आली तर तारीख निघते ३० ऑक्टोबर, म्हणजे त्रेचाळीस आठवडे उलटून गेलेले. बेचाळीसनंतर बाळाला धोका वाढतो आणि ही बाई घरी निवांत बसलेली!

नेगेलेंचा नियमही अठ्ठावीस दिवसांची पाळी धरून चालतो. पस्तीस दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. म्हणून सुरुवातीची सोनोग्राफी महत्त्वाची. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ची सूचना स्पष्ट आहे: नऊ आठवड्यांच्या आत पाळीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखेत पाच दिवसांहून जास्त फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरा. नऊ ते चौदा आठवड्यांत हाच आकडा सात दिवसांहून जास्त. डॉक्टरांनी तारीख बदलली म्हणजे त्या चुकल्या, असं नाही.

गडद रेघेचं थोडंफार खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. सुरुवातीला एचसीजी, म्हणजे टेस्ट लघवीतलं जे हार्मोन पकडते ते, दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, रेघ गडद होत जाते. पण सकाळची घट्ट लघवी आणि दुपारी भरपूर पाणी पिऊन केलेली टेस्ट, एकाच बाईच्या दोन वेगळ्या रेघा येतात. त्यावरून आठवडे काय मोजणार?

भाचीने हे सगळं त्याच ग्रुपवर टाकलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर कुणाचंच नाही.