बसऱ्याला गेलेल्या आजोबांचं नाव

गेल्या महिन्यात सिडनीला भाच्याकडे गेले होते. एक दिवस त्याच्या गाडीनं कॅनबेराला जाऊन ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल बघितलं. दोन तासांत बघून होईल असं वाटलं होतं. संध्याकाळी दारं बंद व्हायची वेळ झाली तरी माझा पाय निघेना.

लढाऊ विमानं, तोफा, १९४२ साली सिडनीच्या बंदरात घुसलेली छोटी जपानी पाणबुडी, सगळं तिथं आहे. भाच्याची मुलं त्यात रमली. मी अडकले ते मधल्या चौकाच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांत. आपल्या जुन्या देवळांभोवती असतात तशाच ओवऱ्या, आणि भिंतभर ब्राँझच्या पाट्या. त्यांवर युद्धांत कामी आलेल्यांची नावं आहेत, १,०३,००० हून जास्त. पलटणीखाली नुसतं नाव, एवढंच. हुद्दा नाही, पदकाचा उल्लेख नाही. जनरल आणि साधा शिपाई एकाच मापाच्या अक्षरांत.

पाट्यांच्या फटींत लोकांनी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी खोचलेली लाल कागदी पॉपीची फुलं आहेत. ही चाल १९९३ मध्ये पडली. फ्रान्समधून आणलेल्या एका अनाम सैनिकाचं दफन तिथं झालं, त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत उभ्या लोकांनी हातातली फुलं भिंतीच्या फटींत अडकवली. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, तरी ते आजतागायत चालू आहे. त्या सैनिकाच्या समाधीवरच्या घुमटात साठ लाखांहून जास्त बारक्या तुकड्यांचं चित्रकाम आहे. ते ज्यानं केलं त्या नेपियर वॉलरचा उजवा हात १९१७ च्या लढाईत गेला होता. तो डाव्या हातानं चित्र काढायला शिकला. हे वाचल्यावर मी पुन्हा मान वर करून बघत राहिले.

एक बाई कर्मचाऱ्याला आडनाव सांगत होत्या. त्यानं शोधून पाटीचा नंबर लिहून दिला. त्या सरळ तिथं गेल्या, एका नावावर बोट टेकवलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला तिथंच रडू आलं. त्यांच्या माणसासाठी आलं, आणि आमच्या घरातल्या एका माणसासाठीही.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य चालत आलंय, "ते बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत असं एखादं वाक्य असतं. बसरा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथंच कुत या गावी १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. जवळपास पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला सगळं सैन्य कैद झालं. आमचे आजोबा त्यात होते का, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असं तिच्यावर इंग्रजीत कोरलंय. आमच्या पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा ४ आहे. नाव एकाचंही नाही. अशा पाट्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात तर एका गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले.

खुद्द बसऱ्याच्या स्मारकावरही तेच. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपाई मात्र पलटणीखाली आकड्यात मोजले. प्रत्येकाला नाव मिळेल आणि हुद्द्यावरून भेद होणार नाही, हे युद्धात गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या ज्या आयोगाचं ब्रीद होतं त्याच, आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं हे केलं. २०२१ मध्ये आयोगानं अहवाल काढून माफी मागितली. शंभर वर्षांनी आलेल्या माफीनं माझं समाधान झालेलं नाही.

ऑस्ट्रेलियाचं सगळं आदर्श आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्या जमिनीसाठी गोऱ्यांशी लढून मेलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांना त्या वास्तूत नीट जागा द्या, ही मागणी वर्षानुवर्षं होतेय. २०२२ मध्ये कुठे त्या लढ्यांचं दालन वाढवू असं सांगितलं गेलं. कुणाचं नाव कोरायचं, हे तिथंही सत्तेनंच ठरवलं.

पण तिथं रोज संध्याकाळी बिगुल वाजतो आणि त्या भिंतीवरच्या एका माणसाची हकिगत सगळ्यांसमोर वाचली जाते. घर कुठलं, काय काम करायचा, कसा गेला. रोज एक माणूस. आम्ही ऐकला तो शेतकऱ्याचा मुलगा होता. आमचे आजोबाही शेतकऱ्याचेच.

परत आल्यावर भाच्याच्या लेकीनं आयोगाच्या संकेतस्थळावर शोधायला घेतलं. हिंदी शिपायांची नावं कागदी नोंदवह्यांत होती, ती आता तिथं दिसतात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पार बिघडलेलं, त्यामुळे तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री सापडले. वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, तालुका बरोबर. खाली लिहिलंय, बसरा मेमोरियल.

गावच्या पाटीवरची आणखी तीन नावं शोधायची आहेत. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचा मजकूर वाचता येईल असा फोटो खाली टाका. घरात कुणी बसऱ्याला गेल्याचं ऐकलं असेल तर त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि तालुका मला कळवा. शोधायला मी बसते तुमच्याबरोबर.